कातळावर पडलेली तार

वाळूज असो, चिकलठाणा असो की पैठणच्या वाटेवरचं एखादं खेडं, छत्रपती संभाजीनगरच्या आसपास बहुतेकांच्या घरातली वीज 33/11 केव्हीच्या कुठल्या तरी उपकेंद्रातून निघते. आवारात ट्रान्सफॉर्मर घुमत असतो. आतल्या खोलीत पॅनेलवर प्रत्येक फीडरचे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लाईनचे, रिले असतात. नेहमीची मांडणी दोन ओव्हरकरंटचे आणि एक अर्थ फॉल्टचा अशी. लाईट गेली की शिव्या लाईनमनला बसतात; निर्णय मात्र या रिलेचा असतो.

जुन्या पॅनेलवर काचेमागे ॲल्युमिनियमची चकती दिसते. जुन्या वीजमीटरमध्ये फिरायची, तिचीच ही बहीण. प्रवाह ठरवलेल्या मर्यादेपुढे गेला की चकती फिरू लागते, आणि प्रवाह जितका मोठा तितकी ती लवकर पोचते. पोचली की कॉन्टॅक्ट मिळतो, बॅटरीवर ब्रेकर उघडतो आणि फ्लॅग पडतो. टाइम सेटिंग 1 असेल तर मर्यादेच्या दुप्पट प्रवाहाला सुमारे 10 सेकंद लागतात, दहापटीला 3. प्रत्यक्षात सेटिंग याहून बरंच खाली ठेवतात. ही दिरंगाई मुद्दाम ठेवलेली असते. बिघाडाला सर्वांत जवळचा ब्रेकर आधी उघडावा आणि मागच्याने 0.3 ते 0.4 सेकंद दम धरावा, नाहीतर एका फीडरपायी अख्खं उपकेंद्र अंधारात जाईल. आता चकतीच्या जागी न्यूमेरिकल रिले येताहेत. ते बिघाडाची नोंदही ठेवतात, पण वेळेचं गणित तेच.

ओव्हरकरंटचं काम तसं सरळ आहे. खरा रस अर्थ फॉल्टमध्ये. तिन्ही फेजचे सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) असे जोडतात की त्यांच्या प्रवाहांची बेरीज या रिलेतून जावी. 11 केव्हीची लाईन तीन तारांची असते, त्यामुळे सगळं ठीक असताना बेरीज शून्य येते, मग लोड कितीही असो. म्हणून याची मर्यादा सीटीच्या 20 टक्क्यांवरही ठेवता येते. त्याहून फार खाली मात्र नेता येत नाही. फीडर चालू करताना त्यावरच्या सगळ्या डीपी, म्हणजे गावोगावचे ट्रान्सफॉर्मर, एकदम चुंबकीय झटका घेतात, सीटी तंतोतंत सारखे नसतात, आणि बिघाड नसतानाच ब्रेकर उघडतो.

इथवर सगळं पुस्तकातलं. पुढे मराठवाड्याची जमीन येते. वेरूळचं कैलास लेणं ज्या बेसॉल्टमध्ये कोरलं, तोच कातळ इथे कुठे हातभर खाली, कुठे उघडाच. लेणी खोदायला उत्तम, अर्थिंगला नाही. वर जी काळी माती आहे ती ओली असताना वीज छान वाहून नेते, पण मे महिन्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटून उभी राहते. म्हणून अर्थिंगच्या कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतावं लागतं.

समजा, 11 केव्हीची तार तुटून कोरड्या खडकावर पडली. तार ते जमीन दाब साधारण 6,350 व्होल्ट. खडकाशी स्पर्शाचा रोध 400 ओहम धरला, तर प्रवाह जेमतेम 16 अँपिअर. सीटी 200/1 चा आणि सेटिंग 20 टक्के असेल, तर रिले जागा होतो 40 अँपिअरला. म्हणजे तार जिवंत, ब्रेकर न उघडलेला, फ्लॅग जागच्या जागी. तीच तार ओल्या वावरात पडली, तर प्रवाह कितीतरी मोठा होतो आणि फीडर लगेच ट्रिप होतो. रिले तोच, सेटिंग तेच.

पहिल्या पावसाच्या ट्रिपिंगकडे म्हणूनच मी जरा आदराने बघतो. तापून तडकलेल्या इन्सुलेटरवर पाणी पडतं, धूळ ओली होते, वीज खांबावरून जमिनीत उतरते. आणि रिले ते पकडतो.

घरातला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी प्रवाहांच्या याच बेरजेवर चालतो, पण त्याची मर्यादा उपकेंद्रातल्या त्या 40 अँपिअरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. माणसाचा जीव मिलीअँपिअरमध्ये मोजला जातो, तर फीडरचा रिले मुख्यतः लाईन आणि ट्रान्सफॉर्मर वाचवायला बसवलेला असतो. खडकावर पडलेल्या तारेसाठी उरतो तो पाहणारा माणूस: दूर राहून, इतरांना आणि गुरांना दूर ठेवून 1912 वर कळवणारा. मग उपकेंद्रातला यंत्रचालक हातानेच ब्रेकर उघडतो.