मधुमेही बालकांच्या रक्तातील स्निग्ध द्रव्ये

नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या घाऊक खरेदीसाठी खेड्यापाड्यांतून आलेला मनुष्य तर्रीपोहे खाऊन बाजाराला लागतो आणि परतताना मुलांसाठी समोसे बांधून घेतो. यात गैर काहीच नाही. परंतु घरात इन्शुलिन घेणारे मूल असल्यास त्या पुडक्याचा विचार करावा लागतो. साखरेचे पथ्य बहुतेक पालकांस ठाऊक असते. तेलातुपाचे पथ्य मात्र उतारवयातील हृदयविकारासाठी असते, अशी समजूत असल्यामुळे मुलांच्या बाबतीत ते कोणाच्या मनात येत नाही.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींची आवरणे व पित्तरस यांसाठी ते आवश्यक असते व त्याचा बराच भाग यकृतातच तयार होतो. स्निग्ध द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून रक्तातून त्यांची ने-आण प्रथिनयुक्त कणांतून होते. एलडीएल नावाचे कण कोलेस्टेरॉल शरीरभर पोचवितात. ते प्रमाणाबाहेर वाढले म्हणजे रोहिण्यांच्या भिंतींत साचू लागतात. एचडीएल कण उरलेले कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतात. ट्रायग्लिसराइड ही नित्याची चरबी होय.

इन्शुलिनचे काम केवळ साखर आवरण्याचे आहे, हा समज अपुरा आहे. शरीरात साठलेल्या चरबीच्या कोठारास तेच कुलूप घालते. इन्शुलिन कमी पडले की कोठार उघडते, चरबी यकृताकडे लोटते, आणि यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात सोडू लागते. ते कण रक्तातून उचलून नेणारी यंत्रणाही इन्शुलिनवाचून मंदावते. यास्तव ज्याच्या ताटात तूप कधी पडत नाही अशा हडकुळ्या मुलाच्या रक्तातही चरबी वाढलेली आढळते, व इन्शुलिन नियमित सुरू झाले की ती पुष्कळदा खाली येते. टाइप 2 मधुमेह असलेल्या स्थूल मुलांत प्रकार थोडा निराळा असतो: ट्रायग्लिसराइड अधिक व एचडीएल कमी.

हे साचणे बाहेरून दिसत नाही, दुखतही नाही. कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या 300 अमेरिकन सैनिकांच्या हृदयाच्या रोहिण्या तपासल्या असता सुमारे 77 टक्के सैनिकांत विकाराच्या खुणा आढळल्याचे 1953 साली प्रसिद्ध झाले. त्यांचे सरासरी वय अवघे 22 वर्षांचे होते. मधुमेही मुलात तर हीच क्रिया अधिक लवकर पुढे सरकते.

यास्तव साखर आटोक्यात आल्यावर रक्तातील स्निग्ध द्रव्यांची तपासणी करून घ्यावी; टाइप 2 मध्ये ती दरवर्षी करावी लागते. एलडीएल 100 मिलिग्रॅमच्या आत व ट्रायग्लिसराइड 150 च्या आत असावे, असे धरले जाते. वाढ आढळल्यास प्रथम इन्शुलिन, आहार व खेळ यांकडे पाहतात. तेवढ्याने भागले नाही तर दहा वर्षांपुढील मुलास स्टॅटिन गटातील औषध द्यावे की नाही, हे डॉक्टरच ठरवितात. आईवडिलांपैकी कोणास तरुणपणी हृदयविकार झाला असल्यास ही माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. शिक्षकाला ती पालकसभेत सहज विचारता येते.

पथ्याच्या नावाखाली मुलास अर्धपोटी ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. वाढत्या मुलास ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी व थोडे तेल हवेच असते. वारंवार तळलेल्या तेलातील जिन्नस व वनस्पती तूप तेवढे टाळावे. शाळेतील खेळांतूनही मधुमेही मुलास वगळू नये. खेळताना घाम सुटला, हात कापू लागले अथवा मूल गोंधळल्यासारखे दिसले, तर रक्तातील साखर उतरली असे समजून तत्काळ साखर किंवा गूळ द्यावा. मूल बेशुद्ध असल्यास तोंडात काही घालू नये. त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

इन्शुलिनचा खर्च हेच खंड पडण्याचे कारण पुष्कळ घरांत असते. गांधीबागेपासून जवळच असलेल्या मेयो या शासकीय रुग्णालयात चौकशी करता येते. गरीब मधुमेही मुलांना विनामूल्य इन्शुलिन पुरविणारी ड्रीम ट्रस्ट ही संस्थाही नागपुरातच आहे.

एक गोष्ट अनेकदा राहून जाते. रक्ततपासणीसाठी उपाशी यावे लागते या समजुतीने पालक मुलास पहाटे इन्शुलिन टोचून, न खाऊ घालता बसमध्ये बसवितात. वाटेतच साखर घसरून मूल बेशुद्ध पडण्याचा धोका त्यात असतो. पहिली तपासणी जेवणानंतरही चालते. उपाशीपोटी रक्त देण्याची गरज पडलीच, तर त्या सकाळच्या इन्शुलिनचे काय करावयाचे, हे डॉक्टरांकडून आदल्या भेटीतच लिहून घ्यावे.