पाचव्या क्रमांकावरून उमेदवारीकडे

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच्या पक्षांतर्गत शर्यतीचा अंदाज बांधताना देशव्यापी चाचण्यांवर फार विसंबू नये. रूडी जुलियानी 2007 मध्ये बराच काळ रिपब्लिकन चाचण्यांत पुढे होते. सुरुवातीची राज्ये जवळपास सोडून त्यांनी सारी भिस्त फ्लोरिडावर ठेवली, तिथे तिसरे आले आणि दुसऱ्याच दिवशी शर्यतीतून बाहेर पडले.

पहिल्या राज्यांचे निकालही अर्धेच बोलतात. 2020 मध्ये जो बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये तर पाचवे. डेमोक्रॅटिक पक्षात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात मिळतात, पण त्यासाठी किमान 15 टक्के मतांची अट असते. ती न गाठल्याने न्यू हॅम्पशायरमध्ये बायडेन यांच्या पदरी एकही प्रतिनिधी पडला नाही. अनेकांनी तेव्हाच त्यांना मोडीत काढले. ही घाईच होती, कारण दोन्ही राज्ये बहुतांशी गोऱ्या मतदारांची, आणि बायडेन यांचा खरा पाया कृष्णवर्णीय मतदारांत होता. हे मतदार जिथे मोठ्या संख्येने होते त्या साउथ कॅरोलायनात खासदार जिम क्लायबर्न यांनी त्यांना पाठिंबा दिला. 29 फेब्रुवारीला बायडेन मोठ्या फरकाने जिंकले. लगोलग प्रतिस्पर्धी बुटिजेज आणि क्लोबुशार यांनी माघार घेऊन त्यांची बाजू धरली. 3 मार्चच्या ‘सुपर ट्यूसडे’ला, म्हणजे अनेक राज्ये एकत्र मतदान करतात त्या दिवशी, 14 पैकी 10 राज्ये बायडेन यांची.

आणि पैसा? त्याच दिवशी याच शर्यतीतले अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी प्रचारावर कोट्यवधी डॉलर ओतून जिंकले फक्त अमेरिकन सामोआ.