लांब पल्ल्याची धाव आणि तिची पूर्वतयारी

श्रीनगरहून निघून कन्याकुमारीच्या समुद्राला जाऊन भिडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ हा भारतातील सर्वांत लांब महामार्ग होय. पंजाब, दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी असे टप्पे घेत तो नागपूरला येतो. हिंगणघाट, पांढरकवडा ही आपली गावे मागे टाकून आदिलाबादला तेलंगणात उतरतो. निर्मळच्या पुढे गोदावरी ओलांडतो आणि मेडचलवरून हैदराबादेत शिरतो. काश्मीरहून पायी धावत निघालेला मनुष्य हैदराबादच्या वेशीवर पोहोचला, की त्याची सुमारे दोन-तृतीयांश वाट सरलेली असते. पुढे कृष्णा, तुंगभद्रा, बंगळूर, मदुरा आणि मग समुद्र. सारी वाट पावणेचार हजार किलोमीटरच्या आसपास भरते.

एवढे अंतर कोणी पायांनी धावून तोडील, ही गोष्ट ऐकणाऱ्यास प्रथम अतिशयोक्तीची वाटते. परंतु ती घडलेली आहे. अजमेरच्या सुफिया खान यांनी २०१९ साली काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर ८७ दिवसांत धावून पूर्ण केले. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या चार महानगरांना जोडणारा सुवर्ण चतुष्कोन, म्हणजे सहा हजार किलोमीटरचा फेरा, त्यांनी २०२०-२१ मध्ये १११ दिवसांच्या आत पुरा केला. पुण्याचे आशिष कासोदेकर यांनी २८ नोव्हेंबर २०२१ पासून २६ जानेवारी २०२२ पर्यंत रोज एक, याप्रमाणे ६० दिवसांत ६० मॅरेथॉन धावण्याचा विक्रम केला. एका मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही बेरीज अडीच हजार किलोमीटरांच्या वर जाते.

मराठी मुलखाला ही परंपरा अगदी नवी नाही. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यांतील मुले पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले आणि भारताने ऑलिंपिकला खेळाडू पाठवावेत, या विचाराला तेथे चालना मिळाली. पुढल्याच वर्षी बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. त्या वेळचे अंतर नेहमीपेक्षा थोडे अधिक, पावणेत्रेचाळीस किलोमीटरचे होते. ते त्यांनी २ तास ५० मिनिटांत तोडले आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर चालत जाणारी वारी तर घरोघरी ठाऊक आहे. रोज थोडे चालावे, ठरल्या ठिकाणी मुक्काम करावा, वाटेत जेवावे, पुन्हा पहाटे निघावे, हा वारीचा क्रम आणि देशभर धावणाऱ्याचा क्रम यांत तत्त्वतः फारसा भेद नाही. भेद आहे तो वेगाचा आणि त्या वेगापायी शरीरावर पडणाऱ्या भाराचा.

हा भार शरीर कसे पेलते, हे समजल्यावाचून तयारीचा अर्थ उमगत नाही. नवशिका मनुष्य नियमाने धावू लागला, की पाच-सहा आठवड्यांत त्याची धाप कमी होते. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, पोटऱ्यांत बळ येते आणि आता आपण कितीही धावू, असा भरवसा त्यास वाटू लागतो. खरा धोका याच वेळी असतो. हृदय व स्नायू जितक्या लवकर तयार होतात तितक्या लवकर हाडे आणि स्नायुबंध तयार होत नाहीत. धावताना पडणाऱ्या प्रत्येक पावलाबरोबर नडगीला आणि पावलाच्या बारीक हाडांना हादरा बसतो. हाड किंचित झिजते आणि विश्रांतीच्या काळात पुन्हा अधिक मजबूत बांधले जाते. विश्रांती न देता भार वाढवीत गेल्यास झीज पुढे जाते, भरपाई मागे राहते, आणि एके दिवशी हाडास सूक्ष्म चीर पडते. मग सहा-आठ आठवडे सक्तीने बसून राहावे लागते.

म्हणून अनुभवी मार्गदर्शक सांगतात, की आठवड्याचे एकूण अंतर मागील आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून फार अधिक वाढवू नये आणि दर तीन आठवड्यांनंतर एक आठवडा अंतर कमी करावे. हा अनुभवातून आलेला अंदाज आहे, शास्त्राचा अटळ नियम नव्हे; पण त्याने पुष्कळांचे पाय वाचविले आहेत. देशभर धावण्याचा संकल्प करणाऱ्याने निदान एक वर्ष हाती ठेवावे. पहिले चार महिने आठवड्यास तीस-चाळीस किलोमीटर, तेही चालणे आणि धावणे मिसळून. पुढले चार महिने साठ-सत्तर. शेवटल्या टप्प्यात शंभराच्या आसपास. या शेवटच्या टप्प्यात एका दिवशी फार लांब धावण्यापेक्षा लागोपाठ दोन-तीन दिवस मध्यम अंतर धावणे अधिक उपयोगी पडते. कारण प्रत्यक्ष मोहिमेत प्रश्न पन्नास किलोमीटर धावण्याचा नसतो, तर काल पन्नास धावून दुखणाऱ्या पायांनी आज पुन्हा उठण्याचा असतो.

वेगाविषयी एक सोपी कसोटी आहे. शेजारच्या सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलत धावता आले पाहिजे. बोलताना वाक्य तुटू लागले, तर वेग अधिक झाला असे समजावे.

अशा सरावाला हैदराबाद शहर चांगले आहे. दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर ते वसलेले आहे आणि त्याची जमीन सपाट नाही. ज्युबिली हिल्सजवळील कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यानाभोवतीची वाट, हुसेनसागराच्या काठचा नेकलेस रोड, उस्मानिया विद्यापीठाचा प्रशस्त परिसर, आणि रविवारी दूर जाता आले तर विकाराबादजवळचे अनंतगिरीचे डोंगर, अशा चढउतारांच्या वाटा येथे मिळतात. ऑगस्टच्या अखेरीस भरणारी येथील मॅरेथॉन दमट हवा आणि पुलांचे चढ यांमुळे कठीण समजली जाते. मोठ्या मोहिमेपूर्वीची परीक्षा म्हणून ती उत्तम होय.

दुसरा प्रश्न अन्नाचा. धावणाऱ्याच्या वजनाच्या दर किलोमागे प्रत्येक किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. साठ किलो वजनाचा मनुष्य रोज ४५ किलोमीटर धावला, तर धावण्यालाच २,७०० कॅलरी लागतात. नित्याच्या शरीरव्यापाराला सुमारे १,६०० लागतात. दोन्ही मिळून ४,३०० झाल्या. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३३५ कॅलरी असतात. केवळ भाकरीवर भागवायचे म्हटले तर रोज सव्वा किलोहून अधिक पिठाच्या भाकऱ्या खाव्या लागतील, आणि ते कोणाच्याही पोटाला झेपणारे नाही. म्हणून थोड्या आकारात अधिक शक्ती देणारे पदार्थ हवेत. शेंगदाण्यात तितक्याच वजनाला पाचशेहून अधिक कॅलरी असतात. शेंगदाणे-गुळाचा लाडू, तूप, दूध, केळी, खजूर, उकडलेली अंडी, दहीभात या आपल्या घरच्याच वस्तू येथे कामास येतात. महागड्या परदेशी पुड्यांवाचून अडत नाही. मात्र एकदम पोटभर न जेवता दर पाऊण-एक तासाने थोडे खाण्याची सवय पोटालाही लावावी लागते. पायांप्रमाणेच पोटाचाही सराव करावा लागतो, ही गोष्ट पुष्कळजण विसरतात.

योगायोग असा, की अन्नाचा हा हिशेब ज्या शास्त्राने शिकविला त्याचे भारतातील मोठे केंद्र हैदराबादेतच आहे. १९१८ साली कुन्नूर येथे सुरू झालेली संशोधनशाळा १९५८ मध्ये येथे तार्नाका भागात आली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. भारतीय अन्नपदार्थांतील घटकांची तिने प्रसिद्ध केलेली कोष्टके प्रत्येक धावपटूच्या घरी असावीत इतकी उपयुक्त आहेत.

पाण्याविषयी दोन्ही बाजूंनी चूक होते. उन्हात तासाला अर्ध्या लिटरपासून दीड लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. तो भरून काढला नाही तर रक्त घट्ट होते, शरीर तापते आणि उष्माघाताची पाळी येते. परंतु तहान नसताना केवळ भीतीपोटी साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण खाली जाते, मेंदूला सूज येते आणि प्राणही जाऊ शकतो. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी तेरा टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले. तहानेप्रमाणे प्यावे आणि लांब अंतरात साध्या पाण्याबरोबर मीठ-साखरेचे पाणी, ताक किंवा खारट पदार्थ घ्यावेत, हा मध्यममार्ग आहे. धावताना कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर ‘थोडे दमलेत’ असे म्हणून पुढे ढकलू नये. अंग तापलेले असेल तर त्यास सावलीत घेऊन थंड पाण्याने सारे शरीर तत्काळ निववावे आणि रुग्णालय गाठावे.

मार्गाची आखणी ऋतू पाहून करावी. ऑक्टोबरच्या प्रारंभी श्रीनगर सोडले, रोज ४५ किलोमीटर धावले आणि आठवड्याला एक दिवस विश्रांती घेतली, तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिल्ली, नोव्हेंबरच्या मध्यास नागपूर, महिनाअखेरीस हैदराबाद आणि जानेवारीच्या आरंभी कन्याकुमारी असा हिशेब बसतो. उत्तरेतील डिसेंबरचे धुके टळते, तेलंगणातील वैशाखाचा वणवा टळतो, आणि तामिळनाडूतील परतीचा पाऊसही ओसरलेला असतो. दिल्लीभोवतीच्या धुराचा त्रास मात्र थोडाफार सोसावाच लागतो.

रस्त्यावर सर्वांत मोठे भय वाहनांचे. समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, रस्त्याच्या कडेने, चकाकणाऱ्या पट्ट्यांचा अंगरखा घालून धावावे. अंधारात धावणे शक्यतो टाळावे. हैदराबादच्या बाह्य वर्तुळमार्गासारख्या द्रुतगती रस्त्यांवर पादचाऱ्यांना मज्जाव असतो, तेव्हा जुन्या रस्त्याने जावे. सोबतीच्या मोटारीने तीन-चार किलोमीटर पुढे जाऊन थांबावे आणि तेथे पाणी, खाणे, कोरडे मोजे तयार ठेवावेत. बूट नेहमीच्या मापापेक्षा थोडे मोठे घ्यावेत, कारण आठवड्याभरात पावले सुजतात. एक जोड सहाशे-आठशे किलोमीटरपलीकडे टिकत नाही, म्हणजे साऱ्या मोहिमेस पाच-सहा जोड हवेत. बोटांना आणि जांघेत रोज व्हॅसलिन लावावे. फोड ही क्षुल्लक गोष्ट दिसते, पण फोडामुळे पाऊल तिरके पडते, त्याने गुडघा दुखतो आणि चार दिवसांत मोहीम थांबते.

तयारीचे शेवटचे अंग म्हणजे केव्हा थांबावे हे आधी ठरविणे होय. कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुणाचा एक पाय कर्करोगाने गेला होता. कृत्रिम पायावर वर्षाहून अधिक काळ सराव करून तो १९८० च्या एप्रिलमध्ये देशाच्या पूर्व टोकाहून निघाला. कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमविणे हा त्याचा हेतू होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर छातीत कळ आली. तपासणीत रोग फुप्फुसांत पसरल्याचे दिसले आणि तो थांबला. पुढल्या वर्षी जूनमध्ये तो वारला. देश ओलांडणे त्याला साधले नाही, तरी त्याची धाव अपुरी राहिली असे कॅनडात कोणी म्हणत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडील आहे. २००६ साली ओडिशात अवघ्या चार वर्षांच्या एका मुलास पुरीहून भुवनेश्वरकडे ६५ किलोमीटर पळविण्यात आले. टाळ्या पुष्कळ वाजल्या. पण डॉक्टरांनी धोक्याची सूचना दिली आणि सरकारने अशा धावांना बंदी केली. वाढीच्या वयात हाडांची टोके अजून कोवळी असतात, आणि थांबावे केव्हा हे ठरविण्याइतकी समज व अधिकार लहान मुलाच्या हाती नसतो. शाळांतून आणि घरांतून हे वारंवार सांगितले गेले पाहिजे. मुलांनी खेळावे, पळावे, दमावे. महामार्गावरचे विक्रम त्यांच्याकडून करवून घेऊ नयेत.

प्रौढ मनुष्याने मात्र निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, आणि आपल्या सोबत्यांपैकी एकास ‘आता पुरे’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार द्यावा. तो अधिकार मोहिमेच्या पहिल्या दिवशी, मन स्थिर असताना द्यावा; दोन हजार किलोमीटर धावून आलेल्या दमलेल्या माणसास स्वतःविषयी नीट निर्णय घेता येत नाही. हैदराबादेच्या वेशीवर पोहोचलेल्या धावपटूपुढे अजून सव्वाबाराशे किलोमीटरांची वाट असते. पाय धड असतील तर ती वाट सरते. नसतील तर ती पुढल्या वर्षीही तेथेच असणार आहे. एवढे ज्याला मनापासून पटले, त्याची तयारी पुरी झाली असे समजावे.