पावसाच्या जाण्याची तारीख

2025 मध्ये राज्यातल्या अतिवृष्टीग्रस्तांसाठी 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यात रब्बीच्या बियाण्यांसाठी आणि इतर खर्चासाठी हेक्टरी 10,000 रुपये होते. ही मदत हवीच होती. पण पैशाने बी मिळते, वापसा, म्हणजे पाऊस ओसरल्यावर जमिनीत येणारी पेरणीजोगी ओल, मिळत नाही. त्या वर्षी 26 मे रोजी, म्हणजे नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी, मान्सून मुंबईत पोहोचला, तेव्हा घरोघरी पावसाच्या येण्याचाच विषय होता. 20 जूनला माउलींची पालखी आळंदीहून विश्रांतवाडीमार्गे पुण्यात आली, तेव्हा रस्त्याकडेला हात जोडून उभा असलेला शहरी माणूसही दिंडीतल्या वारकऱ्याला हेच विचारत असणार : पाऊस कसा आहे, पेरण्या उरकल्या का? हा पाऊस जाणार कधी, हे मात्र आपण विचारत नाही. आणि सोलापूर, अहिल्यानगर, पूर्व पुण्याच्या जिरायत पट्ट्यात रब्बीचे भवितव्य त्याच तारखेवर ठरते.

खरीप म्हणजे अरबीत शरद, रब्बी म्हणजे वसंत. पीक हाती येण्याच्या काळावरून पडलेली ही नावे महसुलाच्या दप्तरात रुळली आणि आपण दोन हंगामांचे दोन हिशेब मांडू लागलो. काळ्या जमिनीचा हिशेब एकच आहे, कारण रब्बीची ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर वाढते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची पेरणीची शिफारस 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर अशी आहे. त्याआधी पेरले तर खोडमाशी, नंतर पेरले तर दाणा भरताना ओल संपलेली. या महिनाभरात वापसा यावा लागतो. मूठभर माती दाबून गोळा करायचा, कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर पाभर जुंपायची, चपटा झाला तर थांबायचे. 2025 मध्ये सप्टेंबरअखेर सीना नदीचे पाणी शिवारात शिरले, तिथे गोळा फुटायचा कधी? आणि हे एका वर्षापुरते नाही. हवामान खात्याने 2020 मध्ये सरासरी तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईत पावसाच्या येण्याची तारीख एकच दिवस पुढे गेली, जाण्याची 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर, तब्बल नऊ दिवस.

यावर कुणी म्हणेल, विहिरी आणि धरणे भरली आहेत, गहू-हरभरा जोरात येईल. बागायतदारापुरते ते खरे आहे. ज्याच्याकडे विहीर नाही, त्याची ज्वारी हुकली की भाकरीबरोबर जनावरांचा कडबाही जातो, आणि हा कडबा नुकसानभरपाईच्या कुठल्या रकान्यात बसत नाही. दुसरा आक्षेप असा की वापसा शेतकऱ्याला कळतोच, त्याला शिकवायला नको. बरोबर, पण त्याला आजचा वापसा कळतो. पुढच्या आठ दिवसांत परतीचा पाऊस पेरलेले बी दडपणार की नाही, हे वेधशाळेनेच सांगायचे आहे, आणि तेही तालुकावार, मेमधल्या आगमनाच्या अंदाजाइतक्याच ठळकपणे. मदतीलाही वेळेचे भान हवे: पॅकेज जाहीर झाले 7 ऑक्टोबरला. पेरणीची मुदत संपायला तेव्हा आठ दिवस उरले होते. रब्बीच्या मदतीचा शासन निर्णय दरवर्षी सप्टेंबर लागण्याआधीच तयार ठेवावा, म्हणजे आपत्ती आलीच तर हस्त नक्षत्र सरायच्या आत पैसे खात्यात पडतील.