घाटी, चिमटा आणि व्हॅक्यूम

शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, तरी शासकीय रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘घाटी’च राहिलं. इथलं वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चं. मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, तेच वर्ष. अडलेल्या बाळाच्या डोक्याला वाटी चिकटवून ते ओढून काढायचा स्वीडनच्या माल्मस्ट्रोम यांचा व्हॅक्यूमही त्याच दशकातला. बाळाचं डोकं धरून ओढायचा चिमटा मात्र त्याहून कितीतरी जुना. इंग्लंडच्या चेंबरलेन घराण्याने तो पिढ्यान्‌पिढ्या लपवून ठेवला होता, धंद्याचं गुपित म्हणून!

त्या काळी घाटीत कन्नड, सिल्लोडकडून अडलेली बाळंतीण यायची, तेव्हा रक्त, भूल, प्रतिजैविकं सगळ्याचीच ओढाताण. सिझर आजच्याइतकं निर्धोक नव्हतं. बाळाचं डोकं खाली आलेलं, आईचा जोर संपलेला. अशा वेळी चिमटा लावणारा सरावलेला हात हाच आधार.

पुढे चित्र पालटलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये शंभरातली ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत, २०१९-२१ मध्ये ९५. सिझरचं प्रमाण सुमारे १२ वरून २५ वर गेलं. चिमटा मागे पडला, आणि तो लावायला शिकवणारेही. ‘चिमट्याने बाळाच्या डोक्याला इजा होते’ ही भीती तेवढी उरली.

भीती खोटी नाही, आणि ती व्हॅक्यूमलाही लागू आहे. व्हॅक्यूमच्या वाटीखाली येणारा फुगवटा एक-दोन दिवसांत उतरतो. पण कवटीवरच्या सैल थरात रक्त साचू लागलं, तर सूज मऊ लागते, कानांपर्यंत पसरते आणि बाळ पांढरं पडतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच जेमतेम पाव लिटर, ते बरंचसं तिथे मुरू शकतं. म्हणून पहिले काही तास डोक्यावर हात फिरवून पाहत राहावं लागतं.

तरी सगळा दोष अवजाराच्या माथी मारता येत नाही. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ५,८३,३४० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कवटीच्या आतला रक्तस्राव व्हॅक्यूममध्ये ८६० बाळांत एकाला, चिमट्यात ६६४ मध्ये एकाला, आणि कळा सुरू झाल्यावर केलेल्या सिझरमध्ये ९०७ मध्ये एकाला आढळला. कळांआधीच्या सिझरमध्ये हेच प्रमाण २,७५० मध्ये एक. म्हणजे बाळाला आधीच भोवलेलं असतं ते लांबलेलं, अडलेलं बाळंतपण. शिवाय डोकं खोल रुतल्यावर केलेल्या सिझरमध्ये गर्भाशयाचा छेद फाटत जातो, रक्त फार जातं.

या सगळ्या हिशेबात आई मागेच राहिली. चिमट्याने गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटण्याचा धोका व्हॅक्यूमपेक्षा जास्त. टाके वाळले की घरी. एखादीचा पुढे वर्षभर शौचावर ताबा राहत नाही, हे सासूला सांगायचं कसं? अळीमिळी गुपचिळी. टाके पिकणं तर बाळंतपणात चालायचंच, असा समज. ब्रिटनमधल्या चाचणीने २०१९ मध्ये दाखवलं, की चिमटा वा व्हॅक्यूमनंतर प्रतिजैविकाचा एकच डोस दिला, तर जंतुसंसर्ग १९ टक्क्यांवरून ११ वर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली २०२१ मध्ये, माल्मस्ट्रोमच्या वाटीनंतर जवळपास सत्तर वर्षांनी.