एका ठोक्यात तीन प्रती

गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग रात्रीही हलत असते. भरलेली ट्रॉली काट्यावर येते, वजन पडतं. ऊस उतरवून ती रिकामी परतली की पुन्हा वजन होतं आणि केबिनमधला प्रिंटर कर्र-कर्र करत पावती बाहेर टाकतो. एक प्रत शेतकऱ्याची, एक वाहनवाल्याची, एक कारखान्याची. त्या टेबलावरचे संगणक बदलत गेले, पण प्रिंटरची जात बदलली नाही. तो आजही डॉट मॅट्रिक्सच असतो.

घरांतून आणि झेरॉक्सच्या दुकानांतून हा प्रिंटर केव्हाच हद्दपार झाला. तरी भिवंडीच्या गोदामांजवळची ट्रान्सपोर्टची ऑफिसं, औषधांचे घाऊक विक्रेते, पतसंस्था आणि बँकेचा पासबुकाचा काउंटर इथे त्याचा आवाज ऐकू येतोच. ‘जुनं आहे, चाललंय तोवर चालवतात’ असं याचं कारण सांगितलं जातं, आणि ते मला पटत नाही. आपला व्यापारी चिकट असेलही, पण ज्या यंत्रामुळे रोजचं काम अडतं ते तो एक दिवसही ठेवत नाही.

खरं कारण ठोक्यात आहे. लेझर प्रिंटर पावडर भाजून कागदावर बसवतो, इंकजेट शाईचे थेंब उडवतो, थर्मल प्रिंटर कागदच तापवून काळा करतो. तिघंही फक्त वरच्या कागदापुरतं काम करतात. डॉट मॅट्रिक्स मात्र मारतो. त्याच्या हेडमध्ये बारीक पोलादी तारांसारख्या पिना असतात आणि प्रत्येक पिनेमागे एक विद्युतचुंबक. चुंबकाला झटका बसला की पिन पुढे येते, रिबनवर आदळते आणि कागदावर एक ठिपका उमटतो. अशा ठिपक्यांतून अक्षर तयार होतं. अमेरिकेतल्या सेंट्रॉनिक्सने १९७० मध्ये अशा जातीचा प्रिंटर बाजारात आणला. पुढे १९८० मध्ये जपानच्या एप्सनचा एमएक्स-८० आला आणि छोट्या संगणकाशेजारी प्रिंटर असणं नेहमीचं झालं.

कागदाखाली कागद असेल तर तो ठोका खालीही पोचतो. बाजारात ‘दहा बाय बारा, तीन पार्ट’ म्हणून मिळणारा सलग कागद त्यासाठीच असतो. वर पांढरा, खाली गुलाबी, मग पिवळा, आणि दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या. तिन्ही प्रती एकाच क्षणी, एकाच माराने निघतात. लेझरवर तीन वेळा छापलेली बिलं सारखीच दिसतील. पण मधल्या वेळात कोणी आकडा बदलला नाही याची खात्री ती देऊ शकत नाहीत. शिवाय ठोक्याचा व्रण कागदाच्या पाठीवर बोटाला लागतो. ऊस, कांदा, कापडाचे गठ्ठे यांचा व्यवहार ज्या बाजारात ओळखीवर आणि पावतीवर चालतो, तिथे याला मोल आहे.

कायद्यालाही प्रतीच हव्या आहेत. जीएसटीच्या २०१७च्या नियमांमधला ४८वा नियम मालाच्या विक्रीसाठी तीन प्रतींचं बिल सांगतो: मूळ प्रत घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विकणाऱ्याकडे. रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा २००७चा कायदा तर बिल्टीच तीन प्रतींत बनवायला लावतो आणि मूळ प्रत माल पाठवणाऱ्याला द्यायला सांगतो. गाडी भरून दाराशी उभी असताना तीनदा प्रिंट देत बसायला कोणाला वेळ आहे?

पासबुकाची गोष्ट आणखी साधी. दोऱ्याने शिवलेली, मधोमध जाडी असलेली ती वही लेझरच्या तापलेल्या रुळांतून वाकवून नेता येत नाही. पासबुक प्रिंटरला सपाट वाट असते. वही सरळ आत जाते, मागची शेवटची ओळ सोडून तिच्याखाली एंट्री मारली जाते आणि वही तशीच बाहेर येते. मोबाइलवर सगळं दिसत असतानाही पासबुक भरून घ्यायला येणाऱ्या पेन्शनरांना हसणारे बरेच असतात. कर्जाच्या अर्जाला त्याच पासबुकाची झेरॉक्स लागते, तेव्हा ते हसू थांबतं.

पिनांची संख्या हा इथला जुना वाद. नऊ पिनांचा प्रिंटर जोरात मारतो, पण अक्षर ओबडधोबड. चोवीस पिनांचं अक्षर बारीक आणि घोटीव, पण मार हलका. एप्सनच्या आजच्या मॉडेलांतही हे दिसतं: नऊ पिनांचा एलएक्स-३१० मूळ प्रतीखाली चार प्रती काढतो, चोवीस पिनांचा एलक्यू-३१० तीन. देवनागरीचा प्रश्न आला की पारडं चोवीसकडे झुकतं. शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं, एवढं सगळं नऊ ठिपक्यांच्या उंचीत मावत नाही. हेडला त्याच ओळीवरून पुन्हा फिरावं लागतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं ‘जिस्ट’ तंत्र आलं, तेव्हा डॉसच्या पडद्यावर आणि या प्रिंटरांवर मराठी उमटू लागली. त्या काळच्या सरकारी मराठीला ठिपक्यांचा चेहरा आहे, आणि मला तो आवडतो.

सोय आणखीही आहे. लेझर सुरू होताना तापण्यासाठी एकदम मोठा करंट ओढतो आणि छोटा यूपीएस बसतो; डॉट मॅट्रिक्स दुकानाच्या इन्व्हर्टरवर निवांत चालतो. रिबन अचानक संपत नाही, फिकट होत जाते, त्यामुळे आठवडाभर आधी कळतं. थर्मलचं बिल उन्हात ठेवलेल्या गाडीच्या काचेमागे उडून जातं, हे तर वॉरंटीसाठी बिल शोधणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम आजचा नवा डॉट मॅट्रिक्सही समजू शकतो, कारण एप्सनने तेव्हा ठरवलेली आज्ञांची भाषा अजून तीच आहे. टॅलीतही छपाईच्या पर्यायांत डॉट मॅट्रिक्सला वेगळी जागा होती.

हेड मात्र जपावं लागतं. कागदाच्या जाडीप्रमाणे हेडचं अंतर लावलं नाही की पिन तुटते आणि प्रत्येक ओळीत एक पांढरी रेघ दिसू लागते. आवाजाबद्दल तर काय बोलावं. याच्या शेजारी बसून फोनवर भाव ठरवणारे लोक कौतुकाला पात्र आहेत.

खरी अडचण आली ती क्यूआर कोडची. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस बंधनकारक झालं. त्यावर छापायचा बारीक चौकड्यांचा कोड जुन्या रिबनवर पुसट येतो आणि स्कॅन होत नाही. नऊ पिनांवर तर आशाच सोडावी. शिवाय ई-इन्व्हॉइसला तीन प्रतींच्या अटीतून नियमानेच सूट दिली आहे. म्हणून मोठ्या वितरकाकडे बिलासाठी लेझर येतो आणि डॉट मॅट्रिक्स गोदामाच्या दाराशी चलनासाठी सरकतो. पाच कोटींच्या आतला दुकानदार अजून तीन प्रतींच्या नियमातच आहे. आणि माल उचलायला आलेल्या ट्रान्सपोर्टवाल्याला उलाढाल कितीही असो, बिल्टी तीन प्रतींतच फाडावी लागते.