आसाची खीळ : भारतीय साहित्यातील एका लहान वस्तूविषयी

दिल्लीच्या अनेक रस्त्यांच्या कडेला गाडिया लोहारांच्या गाड्या उभ्या असलेल्या दिसतात. जड लाकडाच्या, पितळी पत्र्यांनी व खिळ्यांनी मढविलेल्या या गाड्या म्हणजे या जमातीचे घर, कोठार आणि कारखाना. १५६८ साली अकबराने चितोड जिंकल्यावर त्यांच्या पूर्वजांनी घरात न राहण्याची, रात्री दिवा न लावण्याची, खाटेवर न निजण्याची व दोराने विहिरीचे पाणी न काढण्याची शपथ घेतली, अशी त्यांची परंपरा सांगते. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडच्या किल्ल्यात प्रवेश करविला आणि शपथ संपली असे मानले गेले. गाड्या मात्र संपल्या नाहीत. 'कारवान' या फार्सी शब्दाचा मूळ अर्थ सोबतीने चालणाऱ्या प्रवाशांचा जथा, आपल्याकडील तांडा. इंग्रजीत जाऊन तो चाकांवरच्या एकट्या घरालाही लागला. गाडिया लोहारांच्या ठिकाणी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

अशा चालत्या घराची सुरक्षितता शेवटी एका वीतभरही नसलेल्या लोखंडी वस्तूवर अवलंबून असते. आसाच्या टोकाला भोक पाडून त्यात ठोकलेली खीळ ती हीच. चाक, आरे, धाव, जू यांना भारतीय काव्यात आणि तत्त्वचिंतनात भरपूर स्थान मिळाले. खिळीला थोडे मिळाले. पण जेथे मिळाले तेथे ते फार नेमके मिळाले आहे, आणि तिचे कार्य ठाऊक नसेल तर त्या स्थळांचा अर्थ हातून निसटतो.

हे कार्य काय आहे? बैलगाडीचा आस सामान्यतः स्थिर असतो. तो फिरत नाही, त्याच्याभोवती चाकाचा मधला तुंबा फिरतो. गाडीचे वजन आस पेलतो, खीळ नव्हे. सपाट व सरळ वाटेवर खिळीला जवळजवळ काहीच काम नसते. परंतु वाट एका अंगाला कलली, चाक चाकोरीत अडकून बाहेर ओढले गेले किंवा वळणावर गाडी एका बाजूला झुकली, की तुंबा आसावरून बाहेर सरकू पाहतो, आणि त्याला अडविणारी एकटी खीळच असते. वंगण संपले, धूळ शिरली, की तुंब्याचे तोंड खिळीवर घासून तिला झिजविते. खीळ उडाली तरी चाक त्या क्षणी पडत नाही. ते प्रत्येक फेऱ्यागणिक थोडे थोडे बाहेर येते, गाडीवानाचे लक्ष नसेल तर पुढच्या खळग्यापर्यंत साथ देते, आणि मग गाडी त्या अंगाला कोसळते. अपघात व त्याचे कारण यांच्यामध्ये असे बरेच अंतर पडत असल्यामुळे खिळीची आठवण उशिरा होते.

या प्रदेशात चाकाची ओळख फार जुनी आहे. दिल्लीपासून फार दूर नसलेल्या बागपत जिल्ह्यातील सिनौली येथे २०१८ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात भरीव चाकांची वाहने सापडली. लाकूड कुजून गेले होते, त्यावर जडविलेले तांब्याचे त्रिकोणी तुकडे तेवढे चाकाचा आकार सांगत होते. ते रथ की गाड्या, त्यांना घोडे जुंपले जात की बैल, हा वाद अजून मिटलेला नाही. महाराष्ट्रात दायमाबाद येथे १९७४ साली मिळालेल्या काशाच्या गाडीला तर दोन बैलच जुंपलेले आहेत.

वस्तूपेक्षा शब्द अधिक टिकाऊ ठरला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पस्तिसाव्या सूक्तात, सवित्याच्या स्तुतीत, अमर विश्व कशावर आधारलेले आहे हे सांगताना ऋषीने रथाच्या 'आणि'ची उपमा दिली आहे. सायणाचार्यांनीही तेथे आसाच्या छिद्रात बसविलेली खीळ असाच अर्थ घेतला आहे. मराठी वाचकाला हा शब्द पाहून थबकल्यासारखे होईल. परंतु आपले 'आणि' हे उभयान्वयी अव्यय व्युत्पत्तिकार 'अन्य' या शब्दाशी जोडतात, आणि दोहोंचे रूप एक झाले हा केवळ योगायोग होय. इकडे तमिळ, मल्याळम व कन्नड या भाषांत 'आणी' हा शब्द खिळा या अर्थी अजून रोजच्या व्यवहारात आहे. मूर्धन्य णकारामुळे या वैदिक शब्दाच्या मुळाविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले.

पाली वाङ्मयात हीच खीळ दोन निरनिराळ्या कामांना लावलेली दिसते. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात दान, प्रिय वचन, परहिताचे आचरण आणि समानतेचे वर्तन या चार गोष्टी जगाला धरून ठेवतात, धावत्या रथाला खीळ धरून ठेवते तशा, असे म्हटले आहे. धर्मानंद कोसंबींनी मराठीत आणलेल्या सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात मात्र तीच उपमा कर्माला दिली असून प्राणी कर्माने बांधलेले आहेत असे सांगितले आहे. एके ठिकाणी खीळ म्हणजे माणसामाणसांतील स्नेह, दुसऱ्या ठिकाणी सुटका न देणारे बंधन. मराठीने यांतील दुसरी बाजू उचलली आणि ती टोकाला नेली. आपल्याकडे कामाला 'खीळ बसते' ती काम थांबते तेव्हा. दातखीळ बसते ती वाचा बंद होते तेव्हा. चाकाची खीळ चाकाला थांबवीत नाही, फिरू देते. पालीतून मराठीत अनुवाद करताना 'खीळ' हा नेमका शब्द वापरला तर वाचकाच्या मनात उलटा अर्थ उभा राहण्याचा धोका आहे, आणि तो टाळण्यासाठी 'आस' किंवा 'कणा' असे लिहिले तर उपमाच मोडते.

ती कशी मोडते हे तिरुक्कुरळमधील सहाशे सदुसष्टाव्या कुरळात स्पष्ट होते. कृतीतील दृढतेविषयीच्या या प्रकरणात तिरुवळ्ळुवर सांगतात, की कोणाचे बाह्य रूप पाहून त्याला तुच्छ लेखू नये. प्रचंड रथाच्या आसाच्या खिळीसारखी माणसे जगात असतात. येथील तमिळ शब्द 'अच्चाणि' असा आहे : अच्चु म्हणजे आस, आणि त्याची आणी. उपमेचे सारे बळ आकाराच्या विषमतेत आहे. आस हा मोठा असतो आणि कोणाच्याही नजरेत भरतो. त्याला तुच्छ लेखण्याचा प्रश्नच येत नाही. साने गुरुजींनी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात कुरळ मराठीत आणण्याचे काम केले. त्यांच्या वाटेने जाणाऱ्या पुढील अनुवादकाला या एका कुरळापुरती तरी सुताराची आणि लोहाराची संगत धरावी लागेल.

खिळीची सर्वांत प्रसिद्ध कथा कैकेयीची. वाल्मीकीच्या अयोध्याकांडात मंथरा कैकेयीला जुन्या वरांची आठवण करून देते तेव्हा खिळीचा उल्लेखच नाही. देवासुर संग्रामात शस्त्रांनी घायाळ व बेशुद्ध झालेल्या दशरथाला कैकेयीने रणातून बाहेर नेले, एवढेच तेथे आहे. अध्यात्मरामायणात मात्र रथाची 'अक्षकील' तुटून पडते, युद्धात गुंतलेल्या राजाला ते कळत नाही, आणि कैकेयी त्या छिद्रात आपला हात घालून रथ सावरते. गोदावरीचे माहात्म्य सांगणाऱ्या ब्रह्मपुराणाच्या भागात आणखी एक पायरी चढलेली दिसते : तेथे आसच भंगतो, आणि राणी आपला हात आसासारखा लावते. कीर्तनांतून व घरोघरच्या सांगण्यांतून कधी बोट, कधी मनगट, कधी अख्खा हात आला, आणि आस व खीळ यांतील फरक बहुधा कोणी केला नाही.

हा फरक करावयास हवा. आस मोडला असेल तर राजा, रथ व शस्त्रे यांचे सारे वजन त्या हातावर आले असते; ही कथा मग चमत्काराची होते. खीळच गेली असेल तर हातावर वजन येत नाही, बाहेर सरकणाऱ्या तुंब्याचा रेटा तेवढा येतो. तो वेदनादायक, रक्त काढणारा, परंतु काही काळ मानवी हाताने सोसण्याजोगा आहे. शिवाय आस स्थिर असल्याने त्याच्या छिद्रातील बोट गरगर फिरत नाही. अध्यात्मरामायणकाराने, किंवा ज्या परंपरेतून त्याने ही कथा घेतली तिने, गाडी जवळून पाहिली असली पाहिजे. राजाला न कळणे हाही तपशील त्याच जाणिवेचा आहे, कारण खीळ पडल्याचे आत बसलेल्याला कळत नाही. पुढे दशरथाने दिलेल्या वरांचे ओझे ज्या प्रसंगावर टेकलेले आहे तो कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या जागी घडतो, यातच या पाठाचे नाट्य आहे. ब्रह्मपुराणाने हात मोठ्या कामाला लावला खरा, पण कथा उणी केली.

कर्णाच्या रथाचे चाक याहून वेगळे. ते निसटत नाही, रुतते. काव्याने रुतलेल्या चाकाला अधिक शोक वाहिला हे स्वाभाविक आहे.

खरा तांडा भेटतो तो पुरनानूरूमधील एकशे दोनाव्या कवितेत. औवैयार ही कवयित्री अदियमानाच्या पुत्राची स्तुती करताना मिठाच्या व्यापाऱ्यांची गाडी पुढे ठेवते. बैल तरुण आहेत, जोखडाची सवय नाही; माल जड आहे; पुढे उतार येईल की चढण, कोणाला माहीत? म्हणून व्यापारी गाडीच्या खाली एक राखीव आस बांधून नेतात, आणि हा राजपुत्र त्या राखीव आसासारखा आहे. वीराला गाडीखाली टांगलेल्या लाकडाची उपमा द्यावी, ही धिटाई असामान्य आहे. मराठी गाडीच्या खालीही एक वस्तू टांगलेली असे : वंगणाचा नळा. आपल्या म्हणीने तिची गंमत केली. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, म्हणजे काही न करता फुकट पुण्य मिळविणारा. वास्तविक त्या नळ्यावाचून आस तापतो, तुंबा खिळीला खातो आणि यात्रा अर्ध्या वाटेवर राहते. तमिळ कवयित्रीला गाडीखाली रक्षक दिसला आणि मराठी लोकोक्तीला ऐतखाऊ. दोन्ही नजरा गाडीवानांच्याच असाव्यात, एक निघण्यापूर्वीची आणि दुसरी सुखरूप पोहोचल्यानंतरची.

मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या आजच्या कारवानला खीळ नसते. चाक तबकडीवर आवळून धरणारे नट असतात. तेथे अडवणूक नाही, दाब आहे : नट पुरेसे आवळलेले असतील तरच चाक व तबकडी एकमेकांना घट्ट बिलगून राहतात. मध्ये गंज किंवा रंगाचा थर असेल तर तो दबून जातो आणि आवळ सैल पडते. म्हणून चाक बदलल्यावर नट मापाच्या पान्याने आवळून पहिल्या सुमारे ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे लागतात. सैल चाकाची खडखड ओढणाऱ्या चालकाला ऐकू येत नाही, कारण तो दुसऱ्याच वाहनात बसलेला असतो. बैलगाडीवर बसलेल्याला हा आवाज तरी येत असे. दशरथाची अवस्था या चालकाच्या अधिक जवळची म्हणावी लागेल.

दिल्लीच्या भोवतालच्या खेड्यांत लाकडी चाकांच्या गाड्यांची जागा रबरी टायरांच्या बुग्ग्यांनी घेतली. गाडिया लोहारांच्या कित्येक गाड्या वर्षानुवर्षे जागच्या हललेल्या नाहीत. काहींच्या चाकांखाली विटा लावलेल्या असतात आणि शेजारी भात्यावर चिमटे, तवे, कुदळी घडत असतात. उभ्या गाडीच्या खिळीला काम नसते. खीळ घडविणे ज्यांच्या हातचे काम होते, त्यांच्याकडे ती मागावयास येणारा गाडीवान आता क्वचितच येतो.